ढग सरला आणि कुट्टी फिरली: एका हॅकेथॉनचं प्रकरण

ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं आहे तो जेमतेम वीस सेकंदांचा. तो नीट कळायला मात्र आधीचे सत्तावीस तास आणि नंतरचे चार महिने सांगावे लागतील.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय, ऑगस्टची अखेर, श्रावण. विद्यापीठाच्या पातळीवर स्वच्छ ऊर्जा हा विषय धरून ३६ तासांची हॅकेथॉन, म्हणजे ठरल्या तासांत एखादा प्रश्न सोडवून दाखवायची स्पर्धा, भरली होती. २०१७ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या कॉलेजांना हा प्रकार सरावाचा झाला आहे. नियमही त्याच धर्तीचे: सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, दिलेल्या विषयांतला एक उचलायचा, शनिवारी सकाळी नऊला सुरुवात आणि रविवारी रात्री नऊला काम थांबवायचं. मी प्राध्यापक नाही. एमआयडीसीत मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर आणि तिला वीज देऊन वेग सांभाळणारे ड्राइव्ह यांचे कंट्रोल पॅनेल बांधण्याचं माझं काम. मार्गदर्शक म्हणून बोलावलं आणि तीन संघ माझ्याकडे दिले. हे प्रकरण त्यांतल्या एका संघाचं.

त्यांनी निवडलेला विषय होता सौर पंपाच्या पॅनेलवरची धूळ आपोआप पुसणारं यंत्र. तयारी जोरात होती. छोटी मोटर, रबरी पट्टीचा वायपर, पाण्याची बारीक फवारणी, मोबाइलवर सूचना, सगळं कागदावर होतं. मी एवढंच विचारलं, की तुमच्यापैकी कुणी सौर पंपाचं पॅनेल जवळून पाहिलं आहे का? मेकॅनिकलचा पोरगा म्हणाला, आत्याच्या शेतात आहे, इथून बारा किलोमीटर. मग निघा, म्हटलं. संघातले दोघं कुरकुरले, ३६ तासांतले चार तास जातील म्हणून. तरी गेले, आणि मीही गेलो.

आत्याचं शेत अडीच एकराच्या आतलं, म्हणून सरकारी योजनेतला पंप तीन एचपीचा, बोअरवर. त्या पंपाला पॅनेल तीन हजार वॉटचं. पॅनेल स्वच्छ होतं. आत्या म्हणाल्या, ‘‘धूळ व्हय? पंधरवड्याला वेळूला ओलं फडकं बांधून फिरवते. आन् आत्ता तर पाऊसच धुतोय.’’ पोरांचे चेहरे पडले. पण आत्यांचं बोलणं तिथं संपलं नव्हतं. बोअरला पाणी दोन-अडीच तासांचं. त्यानंतर पंप कोरडा पडतो आणि कंट्रोलर तो आपणहून बंद करतो. पाऊस लागला की पंधरा-पंधरा दिवस पाणी लागतच नाही. ‘‘मग ह्ये नुसतं उनात तापत बसतंय. आन् मी रातच्याला अकराला लायटीची वाट बघत कुट्टीपाशी.’’

हे वाक्य त्या सहा जणांनी पकडलं, याचं श्रेय त्यांचंच. मी तेव्हा बोअरची केबल बघत होतो.

शहरातल्या वाचकासाठी थोडं सांगतो. कडबाकुट्टी म्हणजे जनावरांची वैरण बारीक करणारं यंत्र. शाळूचा कडबा, मका, हत्तीघास, उसाचं वाडं, जे असेल ते तोंडात सारायचं. दातेरी रूळ ते आत ओढतात आणि जड चाकावर बसवलेली पाती त्याचे तुकडे करतात. आत्यांची कुट्टी दोन एचपीची, थ्री फेज. ती दिरांच्या गोठ्यात, त्यांच्या शेतीपंपाच्या जोडणीवर चालते. शेतीला थ्री फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात एका मिणमिणत्या बल्बखाली, झोपेच्या वेळी, पात्यांपासून हातभर अंतरावर बसून आत्या वैरण सारतात. आपल्याकडं गावोगाव अशी माणसं भेटतात ज्यांच्या हाताची बोटं कुट्टीनं नेली आहेत. मी स्वतः दोघांना ओळखतो.

परतीच्या वाटेवर गाडीतच विषय बदलला: सौर पंपाची पडून राहणारी वीज कुट्टीला.

कल्पना नवी नाही, आणि हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगून टाकलं. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं पंपासोबत कुट्टी, पिठाची गिरणी, शीतपेटी अशी यंत्रं चालवू शकणाऱ्या ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’चे निकष ठरवलेले आहेत आणि २०१९ पासूनच्या पीएम-कुसुम योजनेत त्याला जागाही आहे. पण राज्यात लाखो सौर पंप साध्या कंट्रोलरवर बसलेले आहेत. त्यांचं काय, हा प्रश्न खरा होता. आत्यांच्या पंपाला हात लावायचा नव्हता, कारण योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची देखभालीची हमी असते आणि तारा सोडल्या की तिच्यावर पाणी. कॉलेजच्या वर्कशॉपच्या छपरावर तीन किलोवॉटचं चाचणीचं पॅनेल होतं, त्यावर हे उभं करायचं ठरलं. ड्राइव्ह मी माझ्या दुकानातून आणून दिला. कुट्टी आणायला पोरांनी छोटा हत्ती भाड्यानं केला आणि कुट्टीबरोबर, वैरण सारायला म्हणून, रविवारी सकाळी आत्याही आल्या. सहातल्या एकालाही कुट्टीत वैरण सारता येत नव्हती.

शनिवारची रात्र दोन गोष्टींत गेली. पहिली, खटक्याची. पंप की कुट्टी हे निवडायला पोरांनी पॅनेल आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये घरातला साधा एसी स्विच लावला होता. तिथं साडेतीनशे व्होल्टच्या वर डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, होती. एसीमध्ये विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळं स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीत शून्य येतच नाही. ठिणगी ताणत जाते आणि स्विच वितळतो. सांगून पटेना म्हणून मी जुना स्विच घेऊन एका फुटक्या काचेच्या पेटीत करून दाखवलं. निळी जीभ दोन बोटं लांब झाली. त्यानंतर त्या संघातल्या कुणीही डीसीच्या तारेला न विचारता हात लावला नाही. निवडीचा खटका ड्राइव्हच्या पुढे, मोटरच्या बाजूला गेला, आणि आधी ड्राइव्ह थांबवूनच तो फिरवायचा असं ठरलं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. कॉम्प्युटरच्या मुलीनं सादरीकरणासाठी आकडा काढला होता. आपल्याकडं एक किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणून तीन किलोवॉटचे बारा. पंप वर्षातले दोनशे दिवस बंद धरला तर चोवीसशे युनिट ‘वाचले’. आकडा बघायला छान होता. मी म्हटलं, कुट्टी रोज किती वेळ चालते ते आत्यांना फोन करून विचार. अर्धा तास. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॉट, अर्ध्या तासाला पाऊण युनिट. दोनशे दिवसांचे दीडशे युनिट. चोवीसशेतले दीडशे म्हणजे रुपयातला एक आणा.

तिनं सादरीकरणातला आकडा रात्री दोन वाजता खोडला. स्पर्धेत असं करायला धाडस लागतं. बाकीच्यांशी थोडी वादावादीही झाली, कारण परीक्षकांना मोठा आकडा आवडतो हे सगळ्यांना माहीत. तिचं म्हणणं होतं की ही गोष्ट युनिटची नाहीच, वेळेची आहे. आत्यांचं रात्री अकराचं काम दिवसा अकराला येतं. मला वाटतं त्या ३६ तासांतलं सगळ्यात शहाणं बोलणं तेच होतं.

आता त्या वीस सेकंदांकडे येतो.

रविवार, दुपारी बाराची वेळ. वर्कशॉपच्या मागच्या पडवीत कुट्टी रोवली होती. ऊन होतं, ढगही होते. ड्राइव्ह सुरू केला, मोटर हळूहळू पन्नास हर्ट्झला, म्हणजे पूर्ण वेगाला गेली, आत्यांनी मक्याची पेंढी सारली आणि पलीकडं हिरवा भुगा पडायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी पेंढी तोंडात असताना ढग आला. मोटरचा आवाज खाली खाली येत गेला, पाती मक्यात रुतली आणि कुट्टी थांबली. अर्धी पेंढी आत, अर्धी बाहेर.

‘‘गेली लाईट,’’ आत्या म्हणाल्या. आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी डावा हात कुट्टीच्या तोंडात घालून अडकलेली मक्याची ताटं उपसायला सुरुवात केली.

कॉम्प्युटरची मुलगी दहा फुटांवर लॅपटॉपवर पॅनेलच्या व्होल्टेजची रेघ बघत होती. रेघ वर चढायला लागली तशी ती ओरडली, ‘‘आत्या, हात!’’ आत्यांनी हात मागं घेतला. घेतला म्हणजे दचकून, काय झालं ते न कळता घेतला. ढग सरला होता. ड्राइव्हनं दहा सेकंद मोजले आणि कुणीही कसलंही बटण न दाबता मोटर फिरायला लागली. रुळांनी उरलेली ताटं आत ओढून नेली.

पडवीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मुख्य स्विच पाडला आणि जमिनीवर बसलो.

ती चूक माझी होती. शनिवारी रात्री ड्राइव्हच्या सेटिंग्ज मीच भरल्या होत्या, आणि सौर पंपाच्या कंट्रोल पॅनेलला वर्षानुवर्षं भरतो त्याच भरल्या होत्या. त्यात ‘ऑटो रीस्टार्ट’ चालू असतो आणि दहा सेकंदांची वाट असते. पंपाला ते हवंच असतं. शेतकरी घरी असतो. ढग येतो, पंप थांबतो. ढग जातो, पंप आपणहून चालू होतो. दिवसातून वीस वेळा असं झालं तरी कुणाला कळतही नाही, आणि हाच सौर पंपाचा मोठा गुण म्हणून आम्ही सांगतो. तोच गुण मी उचलून कुट्टीला लावला होता.

आत्यांची चूक मात्र अजिबात नव्हती. हे ठासून सांगतो, कारण नंतर कॉलेजातल्या एका चर्चेत कुणीतरी ‘वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण’ असा शब्द वापरला. दिरांच्या गोठ्यातल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल आहे. वीज गेली की ती मोटरची जोडणी धरून ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टरला सोडून देते, आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. आत्यांचा हात त्या कॉइलच्या भरवशावर आत जात होता, आणि तो भरवसा बरोबर होता. त्यांच्या गोठ्यात थांबलेलं यंत्र म्हणजे थांबलेलंच यंत्र. आम्ही त्यांच्यापुढं ठेवलेलं यंत्र थांबल्यासारखं दिसत होतं आणि आतून वाट बघत होतं.

गावाला हा फरक माहीत आहे. विहिरीवरच्या मोटरीला ऑटो स्विच लावायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. रात्री वीज आली की मोटर आपोआप चालू व्हावी, थंडीत उठून जावं लागू नये म्हणून. सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होऊन रोहित्रावर ताण येतो म्हणून महावितरण ते लावू नका असं सांगत असतं, तरी लोक लावतात. पण कुट्टीच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला मी आजवर एकाही गोठ्यात पाहिलेला नाही. दिरांना नंतर विचारलं तर ते माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी काही अभद्र बोललो. ‘‘कुट्टीला? खुळं का काय?’’ त्यांना जे एका शब्दात कळतं ते आमच्या पंचवीस पानी सादरीकरणात कुठंही नव्हतं.

ढगात पंप आणि कुट्टी इतकं वेगळं का वागतात, हे त्या दुपारी पोरांनी फळ्यावर मांडलं, ते इथं देतो. पंप मंदावतो तेव्हाही सौम्यपणे मंदावतो. त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. पन्नासऐवजी चाळीस हर्ट्झवर फिरवला तर वेग आठ दशांश, आणि शक्ती त्याच्या घनाइतकी, म्हणजे जवळपास निम्मी. ऊन निम्मं झालं तरी पंप थोडा मंदावून चालत राहतो, पाणी कमी येतं इतकंच. कुट्टीचं तसं नाही. मक्याचं ताट कापायला लागणारा जोर चाक हळू फिरलं म्हणून कमी होत नाही. वर, कापण्याचं खरं काम करतं ते जड चाकात साठलेलं बळ, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वेग निम्मा झाला की बळ पाव उरतं. म्हणून ढगात पंप दमानं चालतो आणि कुट्टी तोंडात घास असतानाच अडकते. नेमकी ज्या क्षणी माणसाचा हात आत जाणार, त्याच क्षणी. सूर्यावर चालवलेली कुट्टी विजेवरच्या कुट्टीपेक्षा जास्त वेळा अडकणार, आणि प्रत्येक अडकण्याला एक हात आत जाणार. ऑटो रीस्टार्ट त्यात भर घालतो.

मळणीयंत्रांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत उत्तर भारतात इतके हात नेले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तो कायदा आला तेव्हा यंत्रं डिझेलवर किंवा तारेवरच्या विजेवर चालत होती. दिवसातून वीस वेळा स्वतःहून थांबणारी आणि स्वतःहून सुरू होणारी यंत्रं शेतात येतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. आता ती आली आहेत, आणि आपण त्यांना स्वच्छ म्हणतो. ती स्वच्छ आहेतच. पण एका कुटुंबाचा डावा हात त्या हिशोबात कुठं धरायचा?

उरलेला वेळ संघानं फक्त थांबण्यावर घालवला. ऑटो रीस्टार्ट बंद केला. तेवढ्यानं भागलं नाही, कारण ड्राइव्हला ‘चालू’ हा हुकूम फिरवायच्या खटक्यातून मिळत होता आणि तो खटका चालूच्या खुणेवर राहिला की वीज परतताच मोटर पुन्हा फिरत होती. इलेक्ट्रिकलच्या दोघांनी तो खटका काढून दोन बटणं लावली. हिरवं दाबलं तरच सुरू, लाल दाबलं की बंद, आणि मधे वीज गेली की हुकूम पुसला. एक मोठं छत्रीसारखं लाल बटण तोंडाच्या वर लावलं, कोपरानंही दाबता येईल असं. सगळं सामान दीड-दोन हजारांत बसलं. मेकॅनिकलच्या पोरानं पत्रा वाकवून तोंडापुढं हातभर लांब, वरून झाकलेली घसरण केली, म्हणजे बसल्या जागेवरून हात रुळांपर्यंत पोचूच नये.

परीक्षक संध्याकाळी पाचला पडवीत आले. आकाश नेमकं मोकळं होतं. संघानं ठरवलं होतं की थांबणंच दाखवायचं. म्हणून दोघं छपरावर ताडपत्री घेऊन बसले, आणि कुट्टी रंगात आली असताना त्यांनी पॅनेल झाकलं. यंत्र थांबलं. ताडपत्री काढली. यंत्र थांबलेलंच राहिलं. हिरवं बटण दाबलं, सुरू झालं.

परीक्षकांपैकी एकानं विचारलं, ‘‘मशीन बंद का पडलं?’’ मुलांनी समजावलं. दुसऱ्यानं विचारलं, बॅटरी का नाही लावली, म्हणजे थांबलंच नसतं. प्रश्न रास्त होता. उत्तर खर्चाचं होतं आणि तेही मुलांनी नीट दिलं. पण गुणपत्रिकेत चारच रकाने होते: नावीन्य, व्यवहार्यता, परिणाम, सादरीकरण. नावीन्यात मार्क गेले, कारण कल्पना आधीची. परिणामात मार्क गेले, कारण दीडशे युनिट. व्यवहार्यतेत मार्क गेले, कारण डेमो ‘मधे बंद पडला’. संघ पहिल्या तिनांत आला नाही. ज्यांना पहिलं बक्षीस मिळालं त्यांचं काम चांगलं होतं आणि मी त्यांच्यासाठीही मनापासून टाळ्या वाजवल्या. तरी ताडपत्री धरून छपरावर बसलेल्या त्या दोघांना खाली उतरताना पाहिलं, तेव्हा माझा घसा दाटला.

माझा राग परीक्षकांवर नाही. समोर जे दिसतं तेच माणूस तपासतो, आणि हॅकेथॉनमध्ये समोर चालू यंत्र दिसतं. सहा मिनिटांच्या डेमोत ऊन असतं, वायर नवी असते, चालवणारा स्वतः बनवणारा असतो. यंत्राचं खरं आयुष्य त्या सहा मिनिटांच्या बाहेर जातं. सूर्यावर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा स्वभावच थांबण्या-सुरू होण्याचा आहे. तिथं ‘चालतं का’ हा अर्धा प्रश्न झाला. ‘कसं थांबतं, आणि थांबल्यावर त्याच्याजवळ कोण उभं असतं’ हा उरलेला अर्धा. आयोजकांना मी पत्र लिहून पाचवा रकाना मागितला आहे आणि चाचणीही सुचवली आहे: प्रत्येक यंत्राचा ऊर्जास्रोत परीक्षकांनी स्वतः, न सांगता, तोडायचा आणि पुन्हा जोडायचा. छपरावर ताडपत्री टाकायला काही खर्च येत नाही.

स्पर्धा संपली तरी संघानं काम सोडलं नाही. आत्यांच्या बांधाला लागून एका शेतकऱ्याचा पंप होता, मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेत २०१९ मध्ये बसलेला, हमीची पाच वर्षं सरलेली. त्यांच्याही दावणीला म्हशी. त्यांनी परवानगी दिली आणि सप्टेंबरच्या अखेरीस आमचं कंट्रोल पॅनेल तिथं बसलं. डीसी सुरक्षित तोडणारा योग्य आयसोलेटर, वेगळा ड्राइव्ह, दोन बटणं, पत्र्याची घसरण. आत्यांची कुट्टी दिरांच्या गोठ्यातून तिथं हलवली.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस सुरू झाला. एक दिवस फोन आला, यंत्र ‘आपोआप चालू होतंय’. मी दुकान टाकून धावलो. हिरव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली होती. आत्यांच्या पुतण्याचं काम. वय सोळा. ढगाळ दिवशी अर्ध्या तासाच्या कुट्टीत सात-आठ वेळा उठून बटण दाबावं लागतं, त्याला कंटाळून त्यानं ते कायमचं दाबून ठेवलं. दाबलेलं बटण म्हणजे कायमचा हुकूम. वीज आली की मोटर फिरली. सगळी मेहनत एका रबरानं बाजूला सारली.

मी त्याच्यावर चिडलो, आणि घरी येईपर्यंत चीड उतरली. त्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं. यंत्र जर माणसाला दर चार मिनिटांनी उठायला लावत असेल तर माणूस त्याचा बंदोबस्त करणारच. म्हणजे दोन कामं एकदम करायला हवी होती: बटण बांधून उपयोग होऊ नये, आणि बटण दाबायची वेळच कमी यावी.

पहिलं काम सोपं निघालं. छोट्या कंट्रोलरला शिकवलं की बटण दाबलेलं आहे याकडं लक्ष द्यायचं नाही, ते सुटून पुन्हा दाबलं गेलं आहे का ते बघायचं. बांधलेलं बटण सुटतच नाही, त्यामुळं त्याचा हुकूम चालत नाही. लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्याला जास्त डोकं लागलं. शेवटी कॉम्प्युटरच्या मुलीनं व्होल्टेजच्या त्याच रेघेचा उपयोग केला. ऊन सलग दहा मिनिटं टिकल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही आणि दिवा नसताना बटण दाबून काही होत नाही. वेग पस्तीस हर्ट्झखाली घसरला की रडतखडत चालण्याऐवजी घंटा वाजते, मोटर तिथंच थांबते, म्हणजे घास अर्धवट चावून अडकण्याआधीच सुटतो. ढगाळ दिवशी त्यामुळं वाट बघावी लागते, पण उठबस थांबली. बटणाची पेटीही हलवली. तोंडात हात असताना पोचणार नाही इतकी लांब, आणि दाबणाऱ्याला तोंड समोर दिसेल अशा बाजूला.

डिसेंबरात, एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला मी तिथं होतो. आत्या शाळूची ताटं घसरणीवरून सारत होत्या. अर्ध्या तासात एकदाही घंटा वाजली नाही. रात्रीची कुट्टी बंद होऊन दोन महिने झाले, असं त्या म्हणाल्या, आणि मग लगेच तक्रारही केली: उन्हाळ्यात बोअरला दिवसभर थोडं थोडं पाणी येतं, तेव्हा पंप की कुट्टी याचा झगडा होणार, त्याचं काय? ते अजून सुटलेलं नाही. संघातल्या दोघांनी तेच आता शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला घेतलं आहे.

पुतण्यानं ट्यूबची पट्टी टाकून दिलेली नाही. बटणाच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवली आहे. मी बघतोय म्हटल्यावर त्यानं ती काढून बटणावर आवळली आणि लाल दिवा लुकलुकायला लागल्यावर माझ्याकडं बघितलं. मोटर हलली नाही.